लोणारची चढण आणि आमची बारकी गोळी

नोकरीची सगळी वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर एक वाटोळा खळगा काढायचा, त्याच्या तळाशी निळ्या खडूनं पाणी भरायचं आणि मुलांना सांगायचं, की आकाशातून आलेली उल्का काळ्या खडकावर आदळली आणि बुलढाणा जिल्ह्यात हे लोणारचं सरोवर झालं. एखादा तरी मुलगा विचारायचाच, "बाई, तुम्ही पाहिलंय का?" मी म्हणायचे, "पाहायचंय." नाशिकहून ते काही फार लांब नाही, तरी राहूनच गेलं. पुढे मी निवृत्त झाले, मग आमचे हे गेले, आणि गुडघ्यांच्याही आधी माझ्या हृदयानं कुरकुर सुरू केली.

माझ्या लेकीचं, अनघाचं, सासर त्याच जिल्ह्यातलं. चिखली तालुक्यातलं अमडापूर. अनघा आणि जावई नोकरीमुळे पुण्यात राहतात. लग्नानंतर मी अमडापूरला गेले होते ती एकदाच, तीही धावतपळत. मुलीच्या सासरी आईनं फार जाऊ नये असं आमच्याकडे आता कोणी बोलून दाखवत नाही, पण मी ते पाळत आले होते. माझ्या विहीणबाई, कौसल्याबाई, दर सणाला फोन करायच्या. "बऱ्या हा ना? येऊन जा एकदाच्या." मी म्हणायचे, "येते हं." तेवढ्यावर फोन संपायचा. या हिवाळ्यात मात्र त्यांनी पुढे एक वाक्य जोडलं, "लोनार दाखोतो तुमाले. मीच घेऊन उतरतो खाली." वऱ्हाडात बायकाही 'येतो', 'जातो' म्हणतात, ते मला फार आवडतं. त्या 'उतरतो'मधल्या जोमानंच मी तिकीट काढलं.

निघण्याआधी मनात जे घोळत होतं तेही सांगायला हवं. माझे ठोके मधूनच उधळायचे, म्हणून डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर प्रकारची एक गोळी सुरू केली आहे. रोज सकाळी एक. उधळणं थांबलं, पण सकाळच्या फिरण्यात काहीतरी बिनसलं. आमच्या बागेतल्या मंडळात एक काका आहेत. कोणत्या वयाला चालताना नाडी किती वर जायला हवी, ते सगळ्यांना पाठ म्हणून दाखवतात आणि तिथवर न पोचणाऱ्याला म्हणतात, "हे फिरणं नव्हे, ही वरात झाली." अनघानं पाठवलेलं नाडी मोजणारं घड्याळ माझ्या मनगटावर असतं. मी झपाझप चालले, दम लागून तोंड उघडं पडलं, तरी त्यातला आकडा जागचा हलायचा नाही. घड्याळ सांगायचं, वेग वाढवा. मी वाढवायचे. एकदा थांबल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी बाकाला धरून कशीबशी बसले. कोणाला बोलले नाही. हृदय निकामी होत चाललंय, म्हणूनच ते पळत नाही, अशी माझी खात्री होत चालली होती. लोणारची चढण मला झेपेल की नाही, हे मला स्वतःलाच बघायचं होतं.

नांदुरा

नांदुऱ्याला उतरले तेव्हा ऊन कोवळं होतं. जावयांचा थोरला भाऊ संतोष गाडी घेऊन आला होता. तो शेती बघतो, आईवडिलांजवळ राहतो. "मावशी, बॅग द्या इकडे," म्हणत त्यानं माझ्या हातातली पाण्याची बाटलीसुद्धा काढून घेतली. महामार्गाला लागताच उंचच उंच मारुतीनं दर्शन दिलं. कापसानं फुगलेल्या गाड्या रस्ता अडवून चालल्या होत्या आणि वाऱ्यानं उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना लटकला होता. आमच्याकडच्या द्राक्षबागांच्या तारांची सवय झालेल्या डोळ्यांना ती काळी, उघडी, सपाट जमीन केवढी तरी मोठी वाटली.

"हे सारं घाटाखालचं," संतोष म्हणाला. "खामगाव सोडलं का घाट लागते, मंग आपला मुलूख. घाटाखालचे लोक म्हनतात, घाटावर हवाबी थंड अन् मानसंबी थंड."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"आमी काय म्हननार? आमी थंडच." तो हसला.

घाट चढून वर आल्यावर खरंच हवा बदलली. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, मध्ये हरभऱ्याचे हिरवे चौकोन. मी नकळत माझी नाडी पाहिली. गाडीत बसलेली असताना ती पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

अमडापूर

कौसल्याबाई अंगणातच उभ्या होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट. माझ्याच वयाच्या, फार तर वर्षभरानं मोठ्या. "या ईनबाई, या. लय वाट पाह्याले लावली तुमी." आमच्याकडची विहीणबाई इकडे ईनबाई होते. त्यांनी पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि मी वाकायच्या आत मलाच खांद्याला धरून सरळ केलं. व्याही दिगंबरराव कमी बोलणारे. त्यांनी हात जोडले, "प्रवास ठीक झाला ना?" एवढं विचारलं आणि माझ्यासाठी खुर्ची उन्हातून सावलीत ओढली.

जेवायला तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी होती, ज्यांना इथे सोले म्हणतात. ज्वारीची पातळ भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. संतोषची बायको उज्ज्वला वाढत होती. तिनं विचारलं, "मावशी, वरून सांभार टाकू?" भाजीवर सांबार कशाला, असा विचार करत मी "नको, नको" म्हणाले. मग तिच्या हातातली हिरवीगार कोथिंबीर दिसली. सगळं घर हसलं, आणि त्या हसण्यानंतर माझ्या पाठीचा ताठा थोडा सैल झाला.

उज्ज्वला भांडी आवरताना म्हणाली, "मावशी, तुमी आल्या ते बरं झालं. मागच्या उन्हायापासून आत्याबाई लय ढिल्या पडल्या होत्या. वावरात जानं सोडलंच होतं त्याइनं. पन तुमी येनार म्हटल्यापासून पाहा, कशा चालून राह्यल्या!" सासूला ती आत्याबाई म्हणते. मला बरं वाटलं. आपल्या येण्यानं कोणाच्या पायात बळ यावं, याहून मोठं स्वागत काय असतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वावराकडे निघालो. गाव संपल्यावर गाडरस्ता हळूहळू चढत जातो. कौसल्याबाई पुढे, मी मागे. त्यांचं एक पाऊल म्हणजे माझी दोन. थोड्या वेळानं मी थांबले, दम खाल्ला, घड्याळाकडे पाहिलं. आकडा तसाच, खाली सूचना: वेग वाढवा.

"काय पाहून राह्यल्या सारखं?" त्या परत वळून माझ्यापाशी आल्या.

मी सगळं सांगितलं. गोळी, काका, घड्याळ, नाडी. त्या ऐकत राहिल्या, मग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या. मलाही बसायची खूण केली.

"बारकी, पांढरी गोयी हाये का? मधात रेघ असलेली?"

"हो. तुम्हाला कशी माहीत?"

"मलेबी तेच देल्ली चिखलीच्या डॉक्टरनं. बीपी हाये, अन् छातीत धडधड होये म्हनून." त्यांनी एक तुरीची शेंग तोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. "गोयी सुरू झाली अन् पाय जसे चिखलात रुतले माये. अठी येता येता तीनदा बसाव लागे. घरचे म्हने, वय झालं, बस आता घरी शेंगा सोलत. वाईट मनानं नाय म्हने कोनी. मायेनंच म्हने. पन ईनबाई, सारा जलम या वाटेनं चालली मी. घरी बसून कायच्या शेंगा सोलू?"

"डॉक्टरांना सांगितलंत का, दमायला होतं म्हणून?"

"त्याइले काय सांगाव? थे बीपी पाह्यत, चांगलं हाये म्हनत. मीबी म्हनो, चांगलं हाये."

"पण आता तर तुम्ही मला मागे टाकून चाललात."

"आता बरी हाये," त्या म्हणाल्या आणि उठल्या. मी पुढचं काही विचारलं नाही. माझ्या मनात आलं ते एवढंच, की त्याच गोळीची यांना सवय झाली, मला का होत नाही? म्हणजे दोष माझ्याच हृदयात आहे.

लोणार

चिखलीवरून मेहकरच्या रस्त्याला लागलो. हिवरा आश्रमाशी चहा झाला. कौसल्याबाई पुढच्या सीटवर ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सरोवराच्या काठाशी खाली कमळजा देवीचं देऊळ आहे. लग्न झाल्यापासून त्या दरवर्षी तिथे जात. मागच्या वर्षी उतरल्याच नाहीत, वरूनच हात जोडून परतल्या होत्या.

गाडी थांबली आणि मी काठाशी गेले. फळ्यावर काढलेलं सगळं खरं होतं, आणि तरी ते तसं नव्हतं. खडूच्या चित्रात वास नसतो. इथे खाऱ्या, उग्र पाण्याचा वास वाऱ्याबरोबर वर येत होता. चित्रात मोर ओरडत नाहीत. भल्यामोठ्या वाटोळ्या कडेनं झाडी खाली उतरत गेली होती आणि तळाशी हिरवट पाणी अगदी निश्चल पडलं होतं. माझे सगळे वर्ग आठवले. एकेका बाकावरच्या मुलाला हाताला धरून इथे उभं करावंसं वाटलं.

"पाह्यलं?" कौसल्याबाईंनी इतक्या अभिमानानं विचारलं, की जणू तो खळगा त्यांनीच खणवून घेतला होता.

वर गोमुखातून बारा महिने पाणी पडतं, तिथे हातपाय धुऊन आम्ही पायऱ्या उतरू लागलो. संतोष बरोबर होता. उतरण सोपी होती. सीताफळांची झाडं, बाभळी, मधूनच मोडक्या देवळांचे कोरीव काळे दगड. वानरांची एक टोळी ओटीच्या पिशवीवर डोळा ठेवून आमच्याबरोबर चालली. देवीपाशी कौसल्याबाईंनी खण, नारळ, तांदूळ ठेवले आणि बराच वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. मग पिशवीतून दुसरा खण काढून माझ्या हातात दिला. "तुमच्या हातानं वाहा."

मी थबकले. हे गेल्यापासून ओटीच्या वेळी मी आपणहून दोन पावलं मागे सरकते. नाशिकला कोणी मला मागे हो असं म्हणत नाही, मीच सरकते. त्या माझ्याकडे पाहत होत्या. "वाहा वाहा. मायीले सारं मालूम हाये." मी खण वाहिला.

मग चढण सुरू झाली.

पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. नंतर माझा श्वास तुटायला लागला. कौसल्याबाई पुढे, पदर खोचून, झपाझप. मी घड्याळ पाहिलं: वेग वाढवा. मी वाढवला, चार पायऱ्या चढले, आणि पाय थरथरू लागले तशी कठड्याला टेकून उभी राहिले. वर पाहिलं, तर कौसल्याबाई एका दगडावर बसल्या होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी थांबल्यात. जवळ गेले तेव्हा दिसलं, की त्यांचा चेहरा राखेसारखा झालाय, थंडीच्या दिवसात कपाळावरून घाम ओघळतोय आणि उजव्या हाताची मूठ छातीवर घट्ट दाबलेली आहे.

"काय होतंय?"

"छातीत... जशी कोंबडी फडफडून राह्यली."

मी त्यांचं मनगट धरलं. बोटांखाली नाडी अशी पळत होती, की मोजता येईना. माझं घड्याळ काढून त्यांच्या हाताला बांधलं. त्यावर जो आकडा उमटला, तो मी त्या घड्याळात कधीच पाहिला नव्हता.

"सकाळी गोळी घेतलीत ना?"

त्यांनी मान खाली घातली. "बंद केली म्या."

"कधीपासून?"

"तुमी येनार म्हनून फोन झाला, तवापासून."

संतोष पुढे गेला होता, तो धावत खाली आला. मी त्याला सांगत होते आणि त्याच वेळी कौसल्याबाई उठायला बघत होत्या. "काई नाय झालं, चाला वर."

"कौसल्या, खाली बस!" मी ओरडले. बाई नाही, अहो नाही. शाळेत मागच्या बाकावरच्या मुलाला ओरडायचे तशी. त्या मुकाट बसल्या.

आम्ही त्यांना सावलीत टेकवून बसवलं, पोलकं सैल केलं, घोटघोट पाणी दिलं. मागून आलेल्या एका कुटुंबातले दोघे बाप्ये थांबले. संतोष वर पळाला आणि चहाच्या टपरीवरची प्लास्टिकची खुर्ची आणि आणखी एक माणूस घेऊन आला. चौघांनी खुर्ची उचलली. मी शेजारून त्यांचा हात धरून चढत होते. मला केवढा दम लागत होता, आणि माझ्या मनगटावर ते सांगायला घड्याळही नव्हतं. अर्ध्या वाटेत त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "लग्नातबी मले कोनी असं नेलं नोतं." खुर्ची धरलेला एक जण हसला आणि खुर्ची डळमळली. मी हसू शकले नाही. अनघाला मी काय सांगणार, हेच माझ्या डोक्यात होतं.

मेहकर

मेहकरच्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी लगेच ईसीजी काढला, रक्त तपासायला घेतलं, रक्तदाब पाहिला, हाताला सलाईन लावलं आणि कौसल्याबाईंच्या चिखलीच्या डॉक्टरांना फोन लावला. दुपार उतरेपर्यंत संतोष दारात उभाच होता. बस म्हटलं तरी बसेना. तपासण्या आल्या. हृदयाला इजा झालेली नव्हती. नाडी खाली आली होती. तेव्हा कुठे तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

डॉक्टरबाई खाटेच्या कडेला स्टूल घेऊन बसल्या. "मावशी, गोळी काऊन सोडली?"

कौसल्याबाई छताकडे पाहत म्हणाल्या, "ईनबाई पयल्यांदा येनार होत्या मायासाठी. मांगं एकदा आल्या होत्या, थ्या लेकीसाठी. याइले म्या म्हटलं होतं, मीच घेऊन उतरतो. गोयी घेऊन उतरनं झालं असतं, चढनं नसतं झालं. दोन-तीन रोज सोडली तर पाय हलके झाले. म्हटलं, लोनार होईपर्यंत नाय घेत."

त्यांच्या अंगावरचं ब्लँकेट आधीच नीट होतं, ते मी पुन्हा नीट केलं.

"पाय हलके वाटले ते खरंच होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण धोकाही तितकाच खरा होता. ही गोळी हृदयाचा लगाम धरून ठेवते. रोजची गोळी एकदम सोडली, की हृदय आधीपेक्षा जोरात उधळतं, रक्तदाब चढतो. एखाद्याला झटकाही येऊ शकतो. थकवा येतो, हे सांगायचं होतं ना. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. बायकांच्या अंगात यातल्या काही गोळ्यांचा असर जरा जास्तही राहतो. पण बायका सांगतच नाहीत. वय झालं म्हणतात आणि गप्प बसतात."

मग मी माझं विचारलं. "डॉक्टर, मीही हीच गोळी घेते. पण माझी नाडी वर जातच नाही. कितीही जोरात चालले तरी. माझं हृदय थकलंय का?"

फोनमधले माझे रिपोर्ट त्यांनी सावकाश पाहिले. मला छातीत कधी दुखलं का, चक्कर आली का, ते विचारलं. बाकावरची अंधारी मी तिथे पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली.

"यात हृदय थकल्यासारखं काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "नाडी वर जात नाही, कारण ती जाऊ नये म्हणूनच गोळी आहे. चढ आला की शरीर हृदयाला म्हणतं, पळ. गोळी म्हणते, बेतानं. आधीच वयाबरोबर नाडीची धाव कमी होते, त्यात ही गोळी. जे आकडे तुम्ही गाठायला बघता, ते ही गोळी न घेणाऱ्यांसाठी आहेत. तुम्ही त्यांच्यामागे धावलात, म्हणून दमलात. आणि जोरात चालून एकदम थांबलात, म्हणून अंधारी आली. सुरुवात हळू करायची, शेवटही हळू करायचा. तुमच्या डॉक्टरांनाही हे सगळं सांगा."

"मग कळायचं कसं, पुरेसं चाललं की नाही?"

"बोलून पाहा. चालता चालता शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर. गाणं म्हणता येत असेल, तर थोडा वाढवा. वाक्य मध्येच तुटलं, तर कमी करा. आणि छातीत दुखलं किंवा गरगरलं, तर तिथेच थांबा. गोळी घेऊनही चालण्याचा फायदा मिळतोच, नाडी चढली नाही तरी मिळतो."

खाटेवरून कौसल्याबाई म्हणाल्या, "मंजे तोंड चाललं तर पाय बरोबर?"

"अगदी तसंच, मावशी."

"हे तर जमते आमाले."

मी घड्याळाकडे पाहिलं. ते अजून त्यांच्याच हातात होतं. मी परत मागितलं नाही. संध्याकाळी घरी निघताना त्यांनीच ते काढून माझ्या पर्समध्ये टाकलं, आणि नाशिकला येईपर्यंत ते तिथेच राहिलं.

पुन्हा अमडापूर

चिखलीच्या डॉक्टरांनी मेहकरच्या डॉक्टरबाईंशी बोलून गोळी पुन्हा सुरू केली, कमी मात्रेत, आणि आठवड्यानं बोलावलं. मी मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरराव स्वतः पाण्याचा तांब्या आणि गोळी घेऊन बायकोपुढे उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच असावं, कारण उज्ज्वला स्वयंपाकघरातून वाकून बघत होती.

"शेंगा सोलत बस म्हनून आता कोनी म्हननार नाय," ते म्हणाले. "पन मले सांगत जाय. दमली तर सांगत जाय."

"तुमी घरी असाल तवा सांगीन नं," कौसल्याबाई म्हणाल्या, पण त्यांनी गोळी त्यांच्याच हातून घेतली.

डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, त्या दिवशी आम्ही दोघी गावाबाहेरच्या देवीच्या टेकडीकडे निघालो. आता नियम ठरला होता: बोलत चालायचं. पहिली काही पावलं फार अवघड गेली. नऊ वर्षं 'बऱ्या आहात ना' आणि 'येते हं' यापलीकडे न गेलेल्या दोन बायकांनी एकदम काय बोलायचं? शेवटी त्यांनीच सुरुवात केली. लग्न होऊन आल्या तेव्हा या टेकडीवर सरपण आणायला येत, ते. पहिलं मूल गेलं, ते. प्रवीणचं, म्हणजे माझ्या जावयांचं, मन पुण्यात रमल्यावर त्यांनी एकटीनं वावरात बसून रडून घेतलं, ते. "मले वाटे, तुमच्या लेकीनं नेला त्याले," त्या म्हणाल्या. "मंग ते दिवाईले आली अन् मायासंग कापूस वेचाले बसली. बोटं सारी खरचटली तिची. तवा राग गेला."

हे अनघानं मला कधी सांगितलं नव्हतं.

टेकडीच्या मध्यावर माझं वाक्य तुटलं. त्या लगेच थांबल्या. "बसा." मी बसले. नंतर त्यांचं तुटलं, तेव्हा मी थांबवलं. मधेच सपाट वाटेवर त्यांनी एक गाणं पुटपुटून पाहिलं, "गानं येऊन राह्यलं, जरा जोरात चाला," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. वर पोचायला किती वेळ लागला, कुणास ठाऊक. वाऱ्यात उभ्या राहून आम्ही खाली गाव पाहिलं, छपरं, हरभरा, तुरीचे पट्टे.

मग त्यांनी विचारलं, "तुमचे मालक कसे होते वो?"

हे गेल्यावर लोकांनी मला पुष्कळ विचारलं. काय झालं होतं, कधी कळलं, कुठल्या दवाखान्यात होते. कसे होते, हे कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. ते शिट्टी वाजवत दाढी करायचे. भूगोलाच्या पेपरांचे गठ्ठे माझ्या आधी उघडून मुलांनी काढलेले नकाशे बघत बसायचे. नाटकाचे वेडे होते, हौशी मंडळात कामं करायचे, आणि संवाद विसरायचे. सांगता सांगता उतरण संपली, घर आलं, आणि नाटकाचा किस्सा अर्धाच राहिला.

नाशिक

येऊन महिना होऊन गेला. माझ्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी तपासून गोळी तीच ठेवली, घ्यायची वेळ बदलली, आणि आकडे विसरायला सांगितले. बागेतल्या काकांना मी अजून काही बोललेले नाही. त्यांच्यापासून दुसऱ्या टोकाला फिरते, एवढंच.

एकटीनं फिरताना बोलायचं कोणाशी, हा प्रश्न होता. तो कौसल्याबाईंनीच सोडवला. सकाळी त्या वावराच्या वाटेला लागल्या, की फोन करतात. मी इथे चालते, त्या तिथे. त्यांच्या फोनातून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो, माझ्याकडून रिक्षांचा जात असणार. अनघा म्हणते, तुम्हा दोघींचा फोन कधी लागतच नाही.

आज सकाळी त्या हरभऱ्याबद्दल सांगत होत्या, घाटे दाण्यांनी भरलेत, सोंगणीला माणसं मिळत नाहीत, संतोष एकटा किती करणार, आणि बोलता बोलता त्यांचं वाक्य मध्येच तुटलं. मी आहे तिथे थांबले. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि लांब कुठेतरी एक चिमणी.

"बसली मी धुऱ्यावर," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "मायं झालं. आता तुमी बोला. थे मालक तुमचे, स्टेजवर बोलनं विसरले, मंग?"

मी रस्त्याच्या कडेच्या कट्ट्यावर बसले, पाय सरळ केले, आणि पुढचं सांगायला लागले.